ग्रीन बे: पॅकर्सच्या दिग्गजांच्या गावी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीहून आय-४३ महामार्ग धरून उत्तरेला निघालं की दोनेक तासांत ग्रीन बे येतं. वस्ती जेमतेम लाखभर. तरीही या गावाचा अमेरिकन फुटबॉल संघ, पॅकर्स, न्यूयॉर्क, शिकागो, डॅलसच्या संघांशी बरोबरीने खेळतो, आणि एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची, सर्वाधिक, म्हणजे १३ विजेतेपदं त्याच्याच नावावर आहेत. संघाला एक मालक नाही. पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत आणि त्यांना लाभांश म्हणून छदामही मिळत नाही. म्हणूनच इथले थोर खेळाडू गावाला घरचे वाटतात.

बरोबर माझा भाचा होता, मॅडिसनला शिकणारा. गाडीतच वाद सुरू झाला: पॅकर्सचा सर्वांत थोर खेळाडू कोण? "मावशी, ॲरन रॉजर्स चार वेळा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. अजून काय हवं?" मी म्हटलं, "आधी लॅम्बो फील्ड बघ, मग बोलू."

लोम्बार्डी ॲव्हेन्यूवर वळलं की आजूबाजूच्या बैठ्या घरांवर लॅम्बो फील्ड हे स्टेडियम एकदम उभं राहतं. बाहेर दोन पुतळे आहेत. एक १९१९ साली संघ उभारणाऱ्या कर्ली लॅम्बोचा, दुसरा प्रशिक्षक विन्स लोम्बार्डीचा. आत, वर झळकणारी निवृत्त जर्सी क्रमांकांची, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानार्थ पुन्हा कुणालाही न देण्याच्या क्रमांकांची, यादी पाहिली आणि मी थबकले. शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आणि क्रमांक फक्त सहा!

त्यातला १४ क्रमांक डॉन हटसनचा. त्याच्याबद्दल आजची मुलं फारसं बोलत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. चेंडू पुढे फेकण्याला, म्हणजे फॉरवर्ड पासला, दुय्यम मानणाऱ्या काळात त्याने १९४२च्या मोसमात ७४ झेल घेतले. दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूचे होते २७. त्याचा ९९ टचडाउन झेलांचा (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं) विक्रम १९८९पर्यंत टिकला. १९४५मध्ये त्याने एकाच क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चौथ्या हिश्श्यात, २९ गुण केले, तेही आमच्या मिलवॉकीत! पूर्वी पॅकर्स काही घरचे सामने तिथे खेळत असत. भाच्याने २९चा आकडा दोनदा विचारून घेतला.

स्टेडियमची टूर आपल्याला खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाच्या कडेला नेते. बोगद्याच्या जमिनीत जुन्या बोगद्यातला काँक्रीटचा एक तुकडा बसवलेला आहे. लोम्बार्डीची माणसं त्यावरूनच मैदानात जात. मी त्यावर पाय ठेवला तो बार्ट स्टारच्या नावाने.

माझा सर्वांत आवडता खेळाडू तोच. १९५६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला १७व्या फेरीत, तब्बल २००व्या क्रमांकावर निवडलं होतं. १९५८मध्ये संघाने अख्ख्या मोसमात एकच सामना जिंकला. पुढच्या वर्षी लोम्बार्डी आला, आणि याच शांत स्वभावाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूने, सात वर्षांत पाच विजेतेपदं मिळवून दिली. पहिल्या दोन्ही सुपर बोलचा, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या अजिंक्यपद सामन्याचा, एमव्हीपी तोच.

पण माझं प्रेम आहे ते ३१ डिसेंबर १९६७च्या एनएफएल अंतिम सामन्यातल्या स्टारवर. उणे २५ अंश सेल्सिअस. गवताखाली बसवलेली गरम करण्याची यंत्रणा बंद पडलेली, पंचांना शिट्ट्या वाजवता येईनात, आणि तरी पन्नास हजारांवर लोक बाकांवर बसलेले. डॅलस १७-१४ने पुढे. स्टारने ६८ यार्डांची चढाई करत संघाला दक्षिणेकडच्या गोलरेषेपाशी आणलं. उरले १६ सेकंद, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही. फील्ड गोल, म्हणजे पायाने मारलेला तीन गुणांचा गोल, करून बरोबरी साधता आली असती. चाल फसली असती तर घड्याळ धावत राहिलं असतं आणि सगळंच गेलं असतं. साथीदारांना वाटलं, चेंडू मागच्या चक मर्सीनला मिळणार. स्टारने तो स्वतःकडेच ठेवला आणि जेरी क्रेमरच्या धडकेने पडलेल्या फटीतून आत घुसला. २१-१७. ती जागा दुरून पाहतानाही अंगावर काटा आला. रॉजर्सही क्वार्टरबॅकच, त्याचा हात जास्त गुणवान होता हे मी मानते. पण एकच चेंडू उरला असेल तर मी तो स्टारच्या हाती देईन.

टूरमधल्या एका आजोबांचं मत वेगळं. त्यांचा देव रे निट्श्की, १९६२चा अंतिम सामना गाजवणारा लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू. मैदानावर दात नसलेला राक्षस, बाहेर चश्मा लावणारा सौम्य गृहस्थ. मला ते पटलं. बचावात मीही त्याला आणि रेजी व्हाइटलाच निवडेन. १९९३मध्ये कुठेही जायला मोकळा असताना व्हाइट या थंड, छोट्या गावात आला आणि नामवंत खेळाडूंचा ग्रीन बेकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. जानेवारी १९९७च्या सुपर बोलमध्ये त्याने तीन सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं. प्रेक्षकांच्या कुशीत झेप घ्यायची 'लॅम्बो लीप'ही त्याच्याच पासवरून जन्मली: डिसेंबर १९९३मध्ये त्याने चेंडू साथीदार लीरॉय बटलरकडे दिला आणि बटलर टचडाउन करून थेट भिंतीवर चढला. क्वार्टरबॅक ब्रेट फार्वचा सलग तीन वर्षांचा एमव्हीपी किताब यानंतरचा.

बाहेर त्या झेपेचं शिल्प आहे, बाजूला कुणालाही चढता येईल अशी भिंत. भाचा चढला. उतरल्यावर म्हणाला, "मावशी, स्टार पहिला, रॉजर्स दुसरा. चालेल?" मी हटसनला दुसरा धरते, त्यामुळे परतीच्या वाटेवर पुन्हा वाद.

तुम्ही जाणार असाल तर जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये, सराव शिबिराच्या दिवसांत जा. खेळाडू गावातल्या मुलांच्या सायकली घेऊन सरावाला जातात आणि ती मुलं त्यांची हेल्मेटं सांभाळत बाजूने पळतात. ते जातात त्या सराव मैदानाला नाव आहे रे निट्श्कीचं.