वीस आकडे आणि खोडरबराचं बोट

2024 च्या गणपतीआधीच्या रविवारी नाशिकमधल्या सातपूरच्या गाळ्यातलं डीप फ्रीजर थंडावलं आणि बायकोने ऑर्डरसाठी करून ठेवलेल्या दीडशे मोदकांचा लगदा झाला. बिघाड काहीच नव्हता. गाळ्याला मालकाचं प्रीपेड सबमीटर आहे, त्यातला बॅलन्स संपला. पैसे मी सिडकोतल्या घरून शनिवारीच भरले होते, टोकनही, म्हणजे रिचार्जचा वीस आकड्यांचा कोड, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. पण ते वीस आकडे गाळ्यात जाऊन कीपॅडवर दाबावे लागतात. "उद्या जाऊ" म्हटलं, तिथंच माती खाल्ली.

मीटर इंटरनेटला जोडलेलं नाही आणि सील तोडून वायरी जोडायला मालकाने साफ नकार दिला. बरोबरच होतं त्यांचं. मग बटणं बाहेरूनच दाबायची ठरवलं. दोन जुन्या डीव्हीडी ड्राइव्हमधल्या सरकत्या पट्ट्या आडव्या-उभ्या बसवल्या, टोकाला छोटी सर्व्हो मोटर, तिच्या दांडीला खोडरबराचा तुकडा. या ड्राइव्हचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटर. कीपॅड त्यात मावला हे नशीब. ईएसपी32 या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डावर टेलिग्रामचा बॉट. त्याला टोकन पाठवलं की बोट टकटक करत कामाला लागतं. टोकन कुणाच्या हाती पडेल ही धास्ती नव्हती, कारण ते त्याच मीटरला लागतं आणि एकदाच चालतं. छळलं ते पाचच्या बटणाने. रबर चिकटून पाच दोनदा उमटायचा. शेवटी बेबी पावडर लावली.

बॅलन्स कळायला मीटरच्या लाल दिव्यावर एलडीआर, म्हणजे उजेड ओळखणारा सेन्सर, चिकटवला. आमच्या मीटरला युनिटमागे 3200 लुकलुकी. पण दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आलं की मोजणी भरकटायची. काळ्या टेपचे दोन थर दिले. वीज गेली की राउटरही झोपतो हे उशिरा सुचलं, म्हणून त्याला आणि ईएसपीला छोटा यूपीएस.

दिवाळीनंतर सगळं सुरळीत चाललं आणि नोव्हेंबर संपता संपता मीटर टोकन नाकारू लागलं. दोन दिवस मी बिचाऱ्या बोटालाच शिव्या घातल्या. हाताने दाबलं तरी तेच! मग उलगडा झाला. या मीटरांच्या टोकनमध्ये ते कधी बनलं ती वेळ असते, ती 1993 पासूनच्या मिनिटांत मोजतात आणि त्या मोजणीची जागा 24 नोव्हेंबर 2024 ला भरली. त्याआधी मीटरची किल्ली, म्हणजे टोकन उलगडायचा मीटरमधला गुप्त आकडा, बदलायला हवी होती. मालकाला पत्ताच नव्हता. त्यांनी किल्ली बदलण्याचे वीस-वीस आकड्यांचे दोन कोड मागवले, त्यावर नेहमीचं टोकन. साठ आकडे बोटाने एका दमात दाबले. मी घरी फोनवर कॅमेऱ्यातून बघत होतो, बायको श्वास रोखून.

आता दहा युनिट उरले की फोन वाजतो. पैसे मात्र मीच भरतो; पाकीट यंत्राच्या हाती द्यायला बायको तयार नाही.