आईला न सांगता आलेली दाढ

अक्कलदाढ काढायची ठरल्यावर ज्याला म्हणून सांगितलं, त्या प्रत्येकाने एकच विनोद केला. "म्हणजे होती नव्हती तेवढीही अक्कल गेली म्हणायची!" पहिल्या तिघांना हसून दाद दिली. चौथ्यापासून नुसता गाल धरून बसायला लागलो. दोष त्यांचाही नाही म्हणा, शब्दच असा आहे की समोरच्याच्या तोंडून विनोद पडणारच. मूतखडा काढायला निघालेल्या माणसाला असलं काही ऐकून घ्यावं लागत नाही.

बरं, हा शब्द तरी सगळा आपला कुठे? दाढ आपली, पार संस्कृतातल्या दंष्ट्रेपासून चालत आलेली. अक्कल मात्र अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे मुक्कामाला आली आणि राहिली. खुद्द अरबीतही तिला अकलेचीच दाढ म्हणतात. लॅटिन, इंग्रजी, स्पॅनिश, सगळ्यांनी तिच्या गळ्यात शहाणपणाच्या माळा घातल्यात. तुर्की लोक हिशेबी; ते नुसतं 'विसाव्या वर्षाचा दात' म्हणतात आणि मोकळे होतात. कोरियन भाषेत ती 'प्रेमाची दाढ' आहे. येते त्याच वयात, आणि दुखते. पण मला सगळ्यात आवडलं ते जपानी नाव : ओयाशिराझु. म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेला दात. पूर्वी ही दाढ येईतो आईबाप बऱ्याचदा हयातच नसत, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

माझी आई हयात आहे, खणखणीत आहे, आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"अक्कलदाढ? तुला? कधी आली?" तिने फोनवर असं विचारलं, की मी जणू परस्पर लग्न उरकून आलोय. माझ्या दातांचा सगळा हिशेब तिच्याकडे आहे. पहिला दात सातव्या महिन्यात, खालचा, आणि तो आधी तिच्या बोटाला लागला, डोळ्यांना नंतर दिसला. दुधाचे वीसच्या वीस कुठल्या क्रमाने आले, कुठला आला तेव्हा ताप होता, समोरचा कुठे पडला, कुठला मी गिळला, सगळं तोंडपाठ. पुढे पक्के दात आले तेव्हाही ती अधूनमधून "आ कर" म्हणून पाहणी करायची. बारा-तेराव्या वर्षी अठ्ठावीस पूर्ण झाले आणि तिने वही मिटली. त्यानंतर तोंडात काही नवीन उगवेल अशी तिची अपेक्षा नव्हती. माझीही नव्हती.

दाढ आली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, वसतिगृहात राहत होतो आणि परीक्षा तोंडावर होती. जबड्याच्या पार टोकाला, डावीकडे खाली, काहीतरी ठणकायला लागलं. दोन दिवस गोळ्या घेतल्या, थांबलं. यात घरी कळवण्यासारखं काय होतं? एकविसाव्या वर्षी दात आला म्हणून आईला फोन करणाऱ्या मुलाचं वसतिगृहात काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

पुढे अठरा वर्षं ती तशीच राहिली. पूर्ण वर आली नाही, पूर्ण आतही गेली नाही. एक कोपरा हिरडीबाहेर, बाकी सगळं पांघरुणात. हे पांघरूणच घात करतं. हिरडीची ती सैल झालर दाढेवर अर्धवट पसरलेली असते, तिच्याखाली अन्नाचे कण जाऊन बसतात, ब्रश तिथवर पोचत नाही, आणि मग जंतूंची चैन. दर वर्षा-सहा महिन्यांनी झालर सुजायची, वरची दाढ त्या सुजेवरच चावायची, तोंड दोन बोटांपलीकडे उघडायचं नाही. गोळ्या घेतल्या की बसायचं. मीही विसरायचो. दुखणं थांबल्यावर डॉक्टरकडे जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

शेवटी गेलो तो फोटो काढायला. हनुवटी एका फळीवर टेकवून, समोरची छोटी दांडी दातांत धरून उभं राहायचं. मशीन आपल्याभोवती गंभीरपणे प्रदक्षिणा घालतं. मग पडद्यावर स्वतःचा अख्खा जबडा उलगडून दिसतो, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. कवट्या नेहमी हसतच असतात, माझीही हसत होती. सगळे दात शाळेच्या रांगेत उभे असावेत तसे, आणि टोकाला ही बाई चक्क आडवी. डोकं शेजारणीच्या पाठीला लावून निवांत झोपलेली.

"आडवी आहे. तुकडे करून काढावी लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी पेनाच्या टोकाने दाढेच्या मुळांखालून जाणारी एक धूसर वाट दाखवली. ती नस. जबड्याच्या हाडातून बोगद्यासारखी जाते, वाटेत खालच्या दातांना फाटे देते आणि हनुवटीपाशी बाहेर पडून ओठात शिरते. माझी मुळं तिच्या अगदी जवळ होती. म्हणून एका कागदावर सही : ओठ काही काळ बधिर राहू शकतो, क्वचित कायमचाही. मी सही केली, पण तेवढ्या वेळात ओठ चारदा चावून पाहिला. आहे ना अजून.

ही नस कळल्यामुळे पुढचा एक प्रश्न मात्र समजला. इंजेक्शन दिलं पार मागे, जबड्याच्या कोपऱ्यात, आणि पाच मिनिटांनी विचारलं, "ओठ जड झाला का?" दाढ तिकडे, चौकशी ओठाची! पण नस एकच. ती जबड्यात शिरते तिथेच अडवली, की पुढचं गाव आपोआप अंधारात जातं. ओठाचा दिवा विझला म्हणजे दाढेचाही विझला. जड कसला, माझा ओठ कुणीतरी काढून तिथे रबराचा बसवला होता. बोटाने चाचपला तर दुसऱ्याच कुणाच्या ओठाला हात लावल्याची लाज वाटली.

खुर्चीत पडल्यापडल्या मला होरेस वेल्स आठवत होता. अमेरिकेतला हा दातांचा डॉक्टर १८४४च्या डिसेंबरात हसवणाऱ्या वायूचा तमाशा पाहायला गेला होता. वायू घेतलेल्या एका माणसाचा पाय खरचटून रक्त निघालं आणि त्याला पत्ताच नाही, हे याने हेरलं. दुसऱ्याच दिवशी, ११ डिसेंबरला, तोच वायू स्वतः हुंगून सहकाऱ्याकडून स्वतःचीच दाढ उपटून घेतली. दुखलं नाही. पुढच्या महिन्यात बॉस्टनला चारचौघांसमोर प्रयोग करायला गेला तर रोगी ऐन वेळी ओरडला, आणि बिचाऱ्याची छी-थू झाली. मला टोचलेलं लिग्नोकेन हे भुलीचं औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं, त्याच्याही सुया शोधणाऱ्यांनी आधी स्वतःला टोचून घेतल्या होत्या. रोग्याच्या खुर्चीत स्वतः बसलेल्या माणसांबद्दल मला त्या दिवसापासून फार आदर आहे.

दुखत नाही, हे अगदी खरं. पण दुखत नाही म्हणजे काही होत नाही असं नव्हे. दाब कळतो, हिसका कळतो, जबडा सांध्यापासून निखळतोय की काय असं वाटतं. आणि आवाज! तो कानातून येत नाही, हाडातूनच येतो. आपल्याच डोक्याच्या आत कुणीतरी जुनं लाकडी कपाट सरकवतंय. आधी बारीक घरघर, मग पाण्याचा फवारा, मग एक कडक असा तुटल्याचा आवाज. तो ऐकून मी पायांची बोटं आवळली. "झालं, हा एक तुकडा," त्या म्हणाल्या, शेंगा सोलाव्यात इतक्या शांतपणे. चाळीस मिनिटांत तीन तुकडे आणि तीन टाके.

मग सूचना. कापसाचा बोळा पाऊण तास घट्ट चावून धरा. थुंकायचं नाही, गुळण्या उद्यापासून, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तीच आतल्या हाडाचं झाकण. ती निघून आली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की आजचं काहीच नाही. इतकं बजावूनही जिभेला कोण सांगणार? अठ्ठावीस दात आपापल्या जागी धड उभे असताना ती त्यांची कधी विचारपूस करत नाही. पण एक गेला, की दिवसातून शंभरदा तिथे हेलपाटे. टाक्याचं टोक चाळायचं, कडा चाचपायच्या, पुन्हा यायचं. मी तिला दातांनी धरून ठेवत होतो अक्षरशः.

दाढ मात्र मी मागून घेतली. त्यांनी धुऊन छोट्या पिशवीत घालून दिली.

दुसऱ्या दिवशी आई आली. गाल सुजून टम्म झाला होता, बोलता धड येत नव्हतं. तिने आधी गाल पाहिला, मग "आ कर" म्हणाली. मी जेमतेम बोटभर केलं. तेवढ्यातून तिला काय दिसलं कोण जाणे, पण तिने मान हलवली. मग पिशवी मागितली.

टेबलावर कागद पसरून, चष्मा पुसून, ती ते तीन तुकडे जुळवायला बसली. मुळं दोन, बाकदार. वरचा भाग मध्ये चिरलेला. तिने ते उलटसुलट करून बघितले. दोन जमले. तिसरा बसेना. जिथून यंत्राने कापलं होतं तिथला भाग भुगा होऊन कधीच वाहून गेला होता, त्यामुळे कसंही ठेवलं तरी मध्ये एक फट राहत होती. हे मी तिला खुणेने सांगायचा प्रयत्न केला. तिने लक्ष दिलं नाही.

"एकविसाव्या वर्षी म्हणजे तू तेव्हा परीक्षेला होतास," ती तुकडा फिरवत म्हणाली. "तरीच त्या खेपेला घरी आलास तेव्हा एकाच बाजूने जेवत होतास. मी विचारलं होतं तुला. काही नाही म्हणालास."