चीज आहे, म्हणून शाकाहारी?

शनिवार, रात्री उशिरा

ताईची पन्नाशी आज झाली. दुपारी घरच्यांबरोबर केक कापून झाला होता, संध्याकाळ तिने माझ्यासाठी राखून ठेवली होती. एका उंची इटालियन रेस्तराँमध्ये मी टेबल सांगून ठेवलं होतं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, कमी उजेड, कुणीही मोठ्याने बोलत नाही अशी जागा. ताईला जागा आवडली, पण मेन्यू हातात आल्यावर ती गप्प झाली. ही शांतता मला ओळखीची आहे.

ताई पक्की शाकाहारी. अंडंसुद्धा खात नाही. मी मासे खाते, त्यामुळे माझं कुठेही भागतं. बाहेर जेवायला गेलं की तिला एकच प्रश्न परत परत विचारावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर येतं, ‘हो मॅडम, व्हेजच आहे.’ इतक्या लगेच आलेल्या उत्तरावर तिचा विश्वास बसत नाही. मग ती सॅलड मागवते आणि पोट भरलं म्हणते. जागा जितकी भारी, तितका तिचा विचारायचा संकोच जास्त.

आज तिने विचारलं. ‘यात चीज कुठलं घालता?’

वेटर पन्नाशीच्या पुढचे असावेत. ते म्हणाले, ‘पार्मिजानो रेज्जानो, मॅडम. आणि ते शाकाहारी नसतं.’

ताईने माझ्याकडे पाहिलं. पार्मिजानोची गोष्ट मला वाचून माहीत होती, पण ती अशी टेबलाशी, न विचारता कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. दूध फाटून त्याचं चीज व्हावं म्हणून त्यात रेनेट घालतात आणि पार्मिजानोसाठी ते वासराच्या जठरातूनच काढलेलं लागतं. नियमच तसा आहे. हे चीज इटलीतल्या पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या ठरावीक पट्ट्यातच बनतं, किमान १२ महिने मुरतं आणि त्यात काय घालायचं हे लिहून ठेवलेलं आहे. ग्राना पादानोतही वासराचंच रेनेट, पेकोरिनो रोमानोत कोकराचं. म्हणजे मेन्यूवर ज्या पदार्थापुढे हिरवं पान छापलेलं असतं, त्यावर किसलेलं चीज पडलं की ते पान खोटं ठरतं. मला वाटतं, शाकाहारी माणसाला इटालियन जेवणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी आणि ती फारसं कुणी सांगत नाही.

मग वेटरनी मेन्यू ताईच्या बाजूला फिरवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेले. जेनोव्हाच्या पेस्तो सॉसमध्ये तुळस, पाइन नट्स, लसूण, ऑलिव्ह तेल, पण त्याबरोबर पार्मिजानो आणि पेकोरिनोही. ओरेकिएत्ते नावाच्या पास्त्यावर हिरव्या भाजीचा सॉस, दिसायला अगदी निरागस, पण त्यात अँकोव्ही, म्हणजे खारवलेली छोटी मासळी, विरघळवलेली असते. मिनेस्त्रोने सूपमध्ये पार्मिजानोची साल उकळतात, चव तिथूनच येते. ताल्यातेल्ले हा पास्ता अंड्याचा. मात्र वाळवलेला पास्ता चालेल, कारण तो ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो. (इटलीत बनणाऱ्या साध्या वाळवलेल्या पास्त्याला १९६७ पासून कायद्याने ड्युरमच लागतो. हे मी ताईला सांगितलं आणि वेटर हसून मान डोलावत राहिले.)

ताईने केशर घातलेल्या रिसोट्टोकडे, म्हणजे इटालियन मऊ भाताकडे, बोट दाखवलं. मिलानचा हा प्रसिद्ध पदार्थ, पण पारंपरिक पद्धतीत त्यात गाईबैलाच्या हाडातली मज्जा घालतात आणि भात मांसाच्या स्टॉकमध्ये, म्हणजे मांस-हाडं उकळून काढलेल्या पाण्यात, शिजतो. ते म्हणाले, ‘आमचा तसाच आहे. पण पाच मिनिटं द्या, आत विचारून येतो.’

ते बराच वेळ आले नाहीत. आम्ही फोकाच्चा ब्रेड ऑलिव्ह तेलात बुडवून खात बसलो. आले ते नीट उत्तर घेऊन. भाज्यांचा स्टॉक वेगळा ठेवतील, मज्जा नाही, शेवटी चीज नाही. पण नुसत्या लोण्याने भात हवा तसा मिळून येत नाही, म्हणून शेफ मास्कार्पोने घालतील म्हणाले. मास्कार्पोने म्हणजे मलई गरम करून आम्लाने घट्ट केलेली, त्यात रेनेटचा संबंध नाही. वाइन चालेल का, हेही त्यांनी विचारलं. ताई नको म्हणाली. मग आंबटपणासाठी लिंबू पिळू म्हणाले.

हे मला इतकं आवडलं की मी आज लिहायला बसले ते यासाठीच. पदार्थातली एक वस्तू काढली की तिथे खड्डा पडतो. बहुतेक ठिकाणी तो खड्डा तसाच सोडून ताटली पुढे करतात. इथे स्वयंपाकघरातल्या कुणीतरी विचार केला होता की चीज या भातात नेमकं काय काम करतं, आणि तेच काम दुसरं कोण करू शकेल.

रिसोट्टो यायला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. कार्नारोली तांदूळ आधी पाणी न घालता नुसत्या लोण्यात परततात, दाणा हाताला चटका देईल इतका तापेपर्यंत. मग उकळता स्टॉक पळी-पळीने, आधीचा मुरला की पुढचा. सतरा-अठरा मिनिटं. ढवळताना दाण्यांतलं पिष्ट सुटून भोवती दाटपणा येतो, मलई न घालताही. शेवटी आचेवरून उतरवून गार लोणी जोराने फेटून मिसळतात. हे झालं की एक क्षणही थांबायचं नाही, भात आपल्याच उष्णतेने शिजत राहतो आणि गोळा होतो. म्हणून ताटली आली तेव्हा माझं स्पगेत्ती अजून यायचं असूनही त्यांनी ताईला सांगितलं, ‘यांच्यासाठी थांबू नका, लगेच सुरू करा.’

सपाट ताटली, त्यात पसरलेला पिवळाधमक भात. त्यांनी ताटली किंचित तिरकी करून दाखवली, भात संथ लाटेसारखा सरकला. ताईने कडेपासून सुरुवात केली, कारण कडेचा आधी निवतो. पहिल्या घासाला ती काही बोलली नाही. तिसऱ्या-चौथ्याला म्हणाली, ‘अगं, दाणा आतून लागतोय, पण कच्चा नाही.’ मी चमचाभर घेऊन पाहिला. केशराचा कडवटपणा मागे, लिंबू अगदी पुसट, मास्कार्पोनेची गोडी. पार्मिजानोची खारट खोली त्यात नव्हती हे खरं, पण ती हवी होती असं मला खाताना एकदाही वाटलं नाही.

माझं शिंपल्यांचं स्पगेत्तीही चांगलं होतं. लसूण, पार्सली, शिंपल्यांचंच खारं पाणी. त्यावर चीज विचारलंही नाही कुणी, आणि ते बरोबरच आहे.

दुसऱ्या मोठ्या पदार्थाला मात्र ताईची निराशा झाली. मला मिठाच्या कवचात भाजलेला मासा मिळाला, टेबलाशी कवच फोडून काढून दिलेला. तिला भाजलेली वांगी, झुकिनी आणि सिमला मिरची. चविष्ट होती, पण ती बाजूला वाढायची भाजी, मधल्या ताटलीतली नव्हे. इटालियन जेवणाची रचना अशी आहे की पास्ता किंवा भात पहिला आणि मग मांस किंवा मासा. शाकाहारी माणसासाठी ही दुसरी जागा रिकामीच राहते. वांग्याची पार्मिजाना तिथे शोभली असती, पण पुन्हा तेच चीज. इतका विचार करणाऱ्या स्वयंपाकघराने इथेही काहीतरी शोधायला हवं होतं. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सबब सांगितली नाही.

गोडाला तिरामिसू बाद, त्यात अंडी. पान्ना कोत्ता बाद, त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेला पदार्थ. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, ‘आमचं फ्योर दि लात्ते जिलातो, म्हणजे आइस्क्रीम, दूध, साय आणि साखरेचं आहे, अंडं नाही. त्यावर एस्प्रेसो ओततो.’ ताईला कॉफी रात्री सोसत नाही, तरी घेतलीच. गार जिलातोवर काळी कॉफी पडताच कडेने वितळायला लागलं आणि तिने ते भराभर संपवलं.

निघताना त्यांनी सांगितलं, पुढच्या वेळी टेबल सांगतानाच आहार सांगून ठेवा, स्टॉकचं आणि दुसऱ्या पदार्थाचंही आधी बघता येतं. ताईने त्यांना बाहेर येऊन पुन्हा एकदा धन्यवाद दिले. गाडीत ती भावजींना फोनवर रेनेट म्हणजे काय ते समजावत होती आणि मध्येच मला विचारत होती, ‘तो मलईचा चीज कुठला गं? लिहून पाठव मला.’ आत्ता पाठवला. मास्कार्पोने, आणि त्याखाली टाळायच्या चीजांची यादी.