चिक्कीवर कर, सोनपापडीला माफी

अमेरिकेतल्या एडिसन गावातल्या एका भारतीय किराणा दुकानाची पावती जेवणाच्या टेबलावर पसरून, चष्मा नाकावर ओढून मी ती ओळीओळीने तपासत बसलो होतो, तेव्हा लेक हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही निवृत्त झालात ना?" चौतीस वर्षे लेखा विभागात काढलेला माणूस निवृत्त होतो तो कचेरीतून, बेरीज जुळली नाही तर त्याला जेवण गोड लागत नाही, ते शेवटपर्यंत. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे, हे मला जावयाने विमानतळावरून घरी येतानाच सांगून ठेवले होते. पावतीवरच्या मालाची किंमत होती ३७ डॉलर २३ सेंट, म्हणजे कर सुमारे अडीच डॉलर व्हायला हवा होता. लावला होता अवघा ३८ सेंट.

दुकानदाराच्या हातून चूक झाली असावी आणि ती आपल्या फायद्याची आहे, तेव्हा गप्प बसावे, हा मोह क्षणभर झाला हे कबूल करतो. मग पावतीच्या उजव्या कडेला काही ओळींपुढे छापलेले बारीक 'टी' अक्षर दिसले. तांदूळ, तूरडाळ, पोहे आणि सोनपापडी यांच्यापुढे ते नव्हते; उदबत्ती, अंगाचा साबण आणि चिक्की यांच्यापुढे होते. या तिघांची बेरीज ५ डॉलर ७७ सेंट आणि तिच्यावरचा कर बरोबर ३८ सेंट. हिशेब जुळला, पण जीव भांड्यात पडण्याऐवजी आणखी वर आला. डाळ-तांदळाला माफी आणि साबण-उदबत्तीला कर हे समजण्यासारखे होते, कारण पोटाला लागणाऱ्या वस्तूंवर कर घेऊ नये, हा विचार आपल्यालाही परका नाही. पण चिक्की आणि सोनपापडी या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन बहिणींत असा दुजाभाव का?

उत्तर पिठात होते. न्यू जर्सीसह अमेरिकेतल्या वीसहून अधिक राज्यांनी आपापल्या विक्रीकराच्या व्याख्या एकसारख्या करण्याचा करार केला आहे आणि त्यात कॅंडीची व्याख्या मोठ्या काळजीने लिहिलेली आहे. साखर, मध किंवा तत्सम गोड पदार्थात सुकामेवा, फळे, चॉकलेट वगैरे मिसळून केलेल्या वड्या, गोळ्या किंवा तुकडे म्हणजे कॅंडी. मात्र वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत पीठ असेल, किंवा तो पदार्थ फ्रिजमध्येच ठेवावा लागत असेल, तर तो कॅंडी नव्हे. पीठ गव्हाचेच हवे अशीही अट नाही. चिक्कीत गूळ आणि शेंगदाणे, म्हणून ती चैनीची वस्तू. सोनपापडीत बेसन आणि मैदा, म्हणून ती अन्न. तिकडच्या चॉकलेटांतही हाच न्याय चालतो आणि आत बिस्किटाचा थर असलेले चॉकलेट करातून सुटते. त्या संध्याकाळी मी आपला सगळा फराळ मनातल्या मनात या व्याख्येच्या चाळणीतून काढला. बेसनाचा लाडू सुटला, फ्रिजमधला पेढा सुटला, तिळगुळाची वडी मात्र अडकली. गोड बोलण्यावर तिथे कर आहे, असे म्हटल्यावर लेकीने कपाळाला हात लावला.

त्याच दुकानात गोठवलेले समोसे करमुक्त आहेत आणि काउंटरवर गरम करून दिलेला समोसा करपात्र आहे. दूध असलेल्या पेयाला व्याख्येतच शीतपेय म्हणत नाहीत, त्यामुळे बाटलीतली लस्सी सुटते आणि शेजारचा कोला अडकतो.

आपल्याला या सगळ्याचे एवढे नवल वाटते, कारण आपण छापील किमतीत वाढलेली माणसे आहोत. पुड्यावर लिहिलेल्या आकड्यात 'सर्व करांसहित' हे शब्द गृहीत असतात. दुकानदार आत किती कर भरतो याची चौकशी आपण करत नाही. अर्थात हे नेहमीच असे नव्हते. माझ्या तरुणपणी साबणाच्या वडीवर आणि टूथपेस्टच्या खोक्यावर किमतीपुढे 'स्थानिक कर वेगळे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असत, आणि ते स्थानिक कर किती हे त्या दुकानदाराच्या तोंडावर अवलंबून असे. छापील किमतीत सगळे कर धरण्याची सक्ती पुढे झाली आणि ती वाक्यरचना आपल्या स्मरणातून पुसली गेली. अमेरिका अजून तिथेच आहे, फरक इतकाच की दुकानदाराच्या तोंडाऐवजी यंत्र बोलते. पाच डॉलरची नोट घट्ट मुठीत धरून ४ डॉलर ९९ सेंटचे खेळणे घ्यायला गेलेली माझी सात वर्षांची नात गल्ल्यापाशी ५ डॉलर ३२ सेंट ऐकून माझ्याकडे वळून पाहते, तेव्हा ती गोंधळलेली नसते. वरच्या बत्तीस सेंटांसाठी आजोबा आहेत, हे तिला पक्के ठाऊक असते.

अमेरिकेत केंद्र सरकारचा विक्रीकर नाहीच. कर बसवतात ती राज्ये, आणि बहुतेक राज्यांत त्यावर परगणा, शहर, कधी एखादा वाहतूक प्रदेश आपापली चिमूट टाकतो. असे कर लावणारे लहानमोठे विभाग दहा हजारांहून अधिक आहेत. न्यू जर्सीत जवळजवळ राज्यभर एकच दर असल्यामुळे मला सुरुवातीला हे प्रकरण सोपे वाटले; नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात गेल्यावर ते कळले. तिथला दर ८.८७५ टक्के, आणि तो तीन वाटेकऱ्यांचा आहे: राज्याचे ४, शहराचे ४.५ आणि आगगाड्या-बसगाड्यांच्या प्रदेशासाठी ०.३७५. न्यू जर्सीत कपड्यांवर विक्रीकर नाही. न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या कपड्यावर नाही, मात्र १०९ डॉलरचा कोट १०९ला मिळतो आणि १११ डॉलरचा जवळजवळ १२१ला पडतो, कारण मर्यादा ओलांडली की कर वरच्या एका डॉलरवर बसत नाही, अख्ख्या कोटावर बसतो. अशा ठिकाणी शिंप्याला नव्हे, हिशेबनिसाला बरोबर न्यावे.

न्यूयॉर्कमधला बेगल हा माझा आवडता धडा. बेगल म्हणजे मधे भोक असलेला, चिवट, गोल पाव. तो अखंड विकत घेऊन बाहेर पडलात तर तो किराणा, म्हणून करमुक्त. दुकानदाराने तो मधोमध कापून दिला, भाजला किंवा त्यावर चीज लावले, की ते तयार खाद्य झाले आणि त्यावर कर आला. सुरीच्या एका फटक्याने पदार्थाची जात बदलते. हे जावयाकडून ऐकल्यापासून मी संधीची वाट पाहत होतो, आणि पेन स्टेशनजवळच्या एका काउंटरवर "कापून देऊ का?" असे विचारताच मी तत्त्वनिष्ठेने नकार दिला. एडिसनच्या गाडीत बसल्यावर लक्षात आले की जवळ सुरी नाही. शिळ्या भाकरीसारखा तो बेगल दातांनी तोडत मी साधारण अठरा सेंट वाचवले, आणि शेजारच्या बाईंनी दोन स्टेशने माझ्याकडे पाहणे टाळले.

खरी मोहीम निघाली ती डेलावेअरला. अलास्का, डेलावेअर, माँटॅना, न्यू हॅम्पशर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही, आणि त्यांतले डेलावेअर न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला लागून आहे. लेकीला १,२०० डॉलरचा लॅपटॉप घ्यायचा होता. न्यू जर्सीत त्यावर ७९ डॉलर ५० सेंट कर बसला असता, म्हणून शनिवारी सकाळी थालीपिठे बांधून घेऊन आम्ही चौघे निघालो. टर्नपाइकचा, म्हणजे तिथल्या महामार्गाचा, टोल झाला, मग डेलावेअर नदीवरच्या पुलाचा टोल झाला. हा पुलावरचा टोल न्यू जर्सीकडून जाताना घेतात, परत येताना घेत नाहीत. माझ्यातला मुलुंडकर इथे सावध झाला. आमच्या घरापासून चेक नाका हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जकातीसाठी खोळंबलेल्या ट्रकांची रांग पाहतच मी म्हातारा झालो. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत चालू होती. म्हणून परतताना पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे कुणीतरी गाडी थांबवील, डिकी उघडायला लावील आणि "यात काय आहे?" असे विचारील, अशी माझी खात्री होती. कुणी थांबवले नाही. साधा पोलीसही दिसला नाही. त्या देशात राज्यांच्या वेशीवर नाका नसतो. तो प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यात बसवलेला असतो.

घरी आल्यावर मी टोल, पेट्रोल आणि चौघांच्या कॉफीचा खर्च वजा करून निव्वळ बचत मांडली, आणि मग चौकशीत आणखी एक गोष्ट कळली, ती मी उगाच विचारली असे जावयाच्या चेहऱ्यावर लिहिले होते. बाहेरच्या राज्यातून कर न भरता आणलेली वस्तू आपल्या राज्यात वापरली, तर तेवढाच 'वापर कर' स्वतःहून भरायचा असतो, आणि न्यू जर्सीच्या आयकर विवरणपत्रात त्यासाठी एक ओळ राखून ठेवलेली आहे. "ती ओळ आहे खरी," एवढेच तो म्हणाला. पुढच्या वर्षी त्याने ती भरली. सासऱ्याची भीती ही करखात्याच्या भीतीहून जुनी आहे.

पूर्वी दुसऱ्या राज्यातून टपालाने माल मागवणे ही अशीच पळवाट होती, कारण ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान किंवा गोदाम नाही, तिथला कर गोळा करण्याची त्याच्यावर सक्ती नसे. २०१८ साली साउथ डकोटा राज्याच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बुजवली. आता घरपोच मालावर तुमच्या उंबरठ्याचा दर लागतो. उंबरठे मात्र सारखे नाहीत. पश्चिम किनाऱ्यावर कोलंबिया नदीच्या उत्तरेला वॉशिंग्टन राज्य आहे, तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही पण विक्रीकर भरघोस. दक्षिणेला ओरेगन आहे, तिथे आयकर आहे आणि विक्रीकर शून्य. नदीच्या उत्तरेला राहून दक्षिणेला खरेदी करणाऱ्यांची संख्या किती असेल, ते पुलावरची शनिवारची गर्दीच सांगत असणार.

या करांचा मोठा पसारा १९३०च्या दशकातल्या महामंदीत झाला, जेव्हा जमिनीवरचा कर भरायला लोकांकडे पैसे नव्हते आणि राज्यांना तिजोरी चालवायची होती. त्या वेळी दहा सेंटच्या खरेदीवर सेंटपेक्षाही कमी कर निघे. मग काही राज्यांनी सेंटचा दहावा भाग, म्हणजे एक 'मिल', मोजणारी कराची टोकने काढली. कुठे ॲल्युमिनियमची, तर मिसुरीत सुरुवातीला चक्क दुधाच्या बाटलीच्या झाकणासारख्या पुठ्ठ्याची. आपल्याकडे पै गेली तरी 'पै पै जोडली' हे शब्द राहिले. तिकडे मिल गेला आणि बोलण्यातही उरला नाही, पण न्यू जर्सीच्या दरातले ते शेवटचे पाच म्हणजे त्याचेच भूत असावे, असे मला उगाचच वाटते.

गेल्या डिसेंबरात नात मुलुंडला आली. खाली कोपऱ्यावरच्या वाण्याकडे तिला एकटीला जायचे होते, म्हणून मी तिच्या हाती दहा रुपयांची नोट दिली आणि दहा रुपयांचाच बिस्किटपुडा आणायला सांगून गॅलरीत उभा राहिलो. तिने पुडा घेतला, नोट दिली आणि तिथेच थांबली. वाण्याने नोट गल्ल्यात टाकली, पुढच्या गिऱ्हाइकाची साखर जोखली, मग मान वर करून काहीतरी विचारले. तिने पुडा उलटा करून किंमत पाहिली, मग वर गॅलरीकडे पाहिले, आणि दोन्ही हात पसरून मला ओरडून विचारले, "आजोबा, बस? एवढेच?"