आमची वाटचाल : नळ्या धुण्यापासून स्वयंसेवा नळांपर्यंत

आमच्या छोट्या व्यवसायाची सुरुवात बारमधील बिअरच्या नळ्या धुण्याच्या कामापासून झाली. शीतकक्षातील पिंपापासून काउंटरवरील नळापर्यंत जी नळी जाते, तिच्या आत यीस्टचा आणि जिवाणूंचा थर धरतो. म्हणून ती साधारणपणे दर दोन आठवड्यांनी अल्कलीयुक्त द्रावणाने धुवावी लागते, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे कठीण किटण काढण्यासाठी काही महिन्यांनी आम्लाचाही वापर करावा लागतो. हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही. मात्र ते टाळले की बिअरला आंबूस किंवा लोण्यासारखा वास येऊ लागतो आणि दोष बिअर बनवणाऱ्याच्या माथी जातो.

पुढे एका जुन्या ग्राहकाने स्वयंसेवा नळांची भिंत उभारण्याचे काम आमच्याकडे सोपवले. व्यवस्था समजायला सोपी होती: ग्राहकाने कार्ड टेकवले की विजेवर चालणारी झडप उघडते, नळीतील छोटे चक्र फिरते, त्याच्या फेऱ्यांवरून मिलिलिटर मोजले जातात आणि तेवढेच पैसे खात्यात लिहिले जातात. पूर्ण ग्लास न घेता चार प्रकारांची घोट-घोट चव पाहता येणे, गर्दीच्या वेळी काउंटरपाशी ताटकळावे न लागणे आणि कोणत्या पिंपातून किती बिअर गेली याचा हिशेब मालकाला रोज मिळणे, हे तिन्ही फायदे खरे आहेत, आणि ते आम्ही स्वतः पाहिले आहेत.

पहिल्याच कामात मात्र आमची एक गंभीर चूक झाली. पिंपाचे तापमान आम्ही ३ ते ४ अंश सेल्सिअसवर राखले, पण भिंतीमागचा नळीचा शेवटचा भाग थंड ठेवण्याची सोय केली नाही. तेथे थांबलेली बिअर कोमट होई, तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटू लागे आणि पुढच्या ग्राहकाच्या ग्लासात निम्मा फेस येई. मोजणीच्या चक्राला फेस आणि बिअर यांतला फरक कळत नाही. वायूच्या झोताने ते उलट अधिक वेगाने फिरते. म्हणजे ग्राहक फेसाचे पैसे भरत होता. बारटेंडर असा ग्लास ओतून देऊन दुसरा भरून देतो, यंत्र तसे करत नाही, ही गोष्ट आम्हाला आधीच सुचायला हवी होती. त्यानंतर आम्ही थंड ग्लायकॉलची (न गोठता थंडावा वाहून नेणाऱ्या द्रवाची) फेरी थेट नळाच्या मुखापर्यंत नेली, आणि पिंप संपताच तरंगता गोळा खाली बसून नळी बंद होईल असे उपकरण प्रत्येक नळीवर बसवले. नळ अर्धवट उघडल्यानेही फेस वाढतो; म्हणून ग्लास तिरपा धरावा आणि नळ एका दमात पूर्ण उघडावा, ही सूचना चित्रासह लावली. ग्लासाची कड नळाच्या तोंडाला लागू नये हेही तेथेच लिहिले, कारण इतके हात लागणाऱ्या नळाची स्वच्छता लवकर बिघडते आणि त्याची तोटी रोज धुवावी लागते.

याहून कठीण प्रश्न मद्यपानाच्या मर्यादेचा आहे. यंत्रात ठरावीक मिलिलिटरनंतर कार्ड आपोआप थांबवता येते व कर्मचाऱ्याने ग्राहकाला पाहूनच ते पुन्हा सुरू करावे अशी अट घालता येते. परंतु एकाचे कार्ड दुसऱ्याच्या, क्वचित अल्पवयीनाच्या हाती गेले, तर यंत्र ते ओळखू शकत नाही. कोणाची जीभ जड झाली आहे, कोणाला आता पाणी द्यायला हवे, हे माणसालाच दिसते. एका मालकाने केवळ कर्मचारी कमी करण्यासाठी ही व्यवस्था मागितली, तेव्हा आम्ही ते काम नाकारले. उत्पन्नाची गरज असतानाही घेतलेल्या त्या निर्णयाचा आम्हाला आजही अभिमान आहे.

आता करार करताना आम्ही दोन अटी लेखी घालतो: नळ सुरू असेपर्यंत भिंतीपाशी एक प्रशिक्षित व्यक्ती उभी असेल आणि नळ्या धुण्याच्या तारखांची वही तेथेच टांगलेली असेल. ती वही आमचा माणूस प्रत्येक भेटीत स्वतः तपासून सही करतो.