गारमाथ्यानंतरचे पाय

ज्येष्ठ वद्य सप्तमीला नाथांची पालखी पैठणहून निघते. पहिले मुक्काम सपाटीचे, तिथं सगळेच जोरात चालतात. पायांची खरी परीक्षा बीड जिल्ह्यात गारमाथ्याचा डोंगर आला की. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे वारीत माझं लक्ष माणसांच्या चालीकडे जातंच.

चढताना 'भानुदास एकनाथ'चा गजर चालू असतो, धाप लागते, पण पाय साथ देतात. नासधूस होते ती उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन तोलून धरतो. त्यात त्याचे बारीक तंतू जागोजागी उसवतात, पेशीचं आवरण फाटतं, कॅल्शियम आत घुसतं आणि आतलं क्रिएटिन कायनेज हे विकर (एन्झाइम) रक्तात झिरपतं. लॅबमध्ये आम्ही 'सीपीके' म्हणून मोजतो ते हेच.

दुखणं मात्र मागाहून येतं. आमच्या दिंडीत वाळूजच्या कारखान्यातला एक पोरगा होता, अंगानं दणकट, पहिल्यांदाच आलेला. डोंगर ओलांडला त्या रात्री तो मजेत जेवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, काल तर काहीच नव्हतं, आज खाली बसता कामून येईना? लॅक्टिक ॲसिड साचलं का?" नाही. ते विसाव्यावर बसल्यावर तासाभरात निघून जातं. ही तंतूंची इजा आणि तिच्यामागून येणारी सूज. ती 24 ते 72 तासांत ठणकते, मग ओसरते.

त्याच्या शेजारी एक मावशी बसल्या होत्या. साठी उलटलेली, अख्खी हयात ऊसतोडीत गेलेली, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाड्या भरलेल्या. त्यांच्या मांड्या मऊच होत्या, जराही आखडल्या नव्हत्या. "लेकरा, बसून ऱ्हाऊ नको, हळूहळू हिंडत ऱ्हा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं.

महिनोन् महिने चालणाऱ्याच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, वाढतात, केशवाहिन्या वाढतात, ऑक्सिडेशनची झळ सोसणारी विकरंही वाढतात. म्हणून तेवढ्याच थकव्यानंतर त्याच्या रक्तात सीपीके कमी उतरतं. पण नुसत्या सपाटीवरच्या चालण्यानं उताराची तयारी होत नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उताराला उतारच लागतो. एकदा बेताबेतानं उतरून पाय दुखले, की पुढचे काही आठवडे तोच स्नायू तेवढ्याच कामाला कितीतरी कमी दुखावतो. मी चैत्रापासून संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर जाते ती याचसाठी, आणि तिथं चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष देते.

दुखऱ्या पायांवर गोळ्या वाटणारे मुक्कामाला भेटतात. त्यांचा भाव चांगला असतो, पण घामानं अंगातलं पाणी आटलेलं असताना वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला जड जाते. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर मात्र चालणं थांबवून थेट दवाखाना गाठावा. स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडात उतरल्याची ती खूण असते.

आमच्या विणेकरीबाबांना मी सांगितलंय: नव्या वारकऱ्याचं नाव लिहून घेताना त्याला विचारा, रोज चालतोस का, आणि टेकडी उतरतोस का. नसेल, तर त्याला चैत्रातच कामाला लावा.