2560 साली रुजू, 2568 साली कार्यमुक्त

थायलंडमध्ये शिकवत असाल आणि भारतात शिक्षकाची नोकरी शोधणार असाल, तर एप्रिलमध्ये परत येऊ नका. हे आधीच सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. थायलंडमधलं शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं. आपण सामान विकतो, निरोपाची जेवणं उरकतो आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात उतरतो. तोवर सीबीएसई शाळांचं नवं वर्ष सुरू झालेलं असतं आणि मुलाखती थंडीतच होऊन गेलेल्या असतात. मला पहिल्याच शाळेत फाटकावरच्या काकांनी सांगितलं, "मॅडम, भरती झाली. बायोडेटा ठेवून जा." ठेवला. असे एकूण अकरा ठेवले.

मी आठ वर्षं नाखोन राचासिमाला, म्हणजे बोलीतल्या कोरातला, इंग्रजी शिकवलं. एम.ए. आहे, टेफलचं, म्हणजे इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवण्याचं, प्रमाणपत्र आहे, पन्नास पोरांचा वर्ग हाताळता येतो. हे वाचणाऱ्यांकडेही एवढं असेलच, म्हणून त्यावर शब्द घालवत नाही.

आता कोरातच्या शाळेच्या अनुभवपत्राबद्दल. शाळेने ते थाई भाषेत, थाई सरकारी पद्धतीने दिलं होतं. तिथे बुद्ध संवत चालतो, आपल्या इसवी सनाच्या 543 वर्षं पुढे. त्यामुळे पत्रावर रुजू 2560, कार्यमुक्त 2568. कोथरूडच्या एका शाळेतल्या कारकुनाने चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, हे साल अजून यायचंय ना?" तो चेष्टा करत नव्हता. खरोखर विचारत होता.

मग कुणीतरी म्हणालं, अपोस्टिल करून घे. म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून एका आंतरराष्ट्रीय कराराखाली मारला जाणारा सरकारी शिक्का. डेक्कनवरच्या एका एजंटाने सात हजार घेतले, तीन आठवडे फिरवलं आणि शेवटी नोटरीचा लाल शिक्का मारून पत्र परत दिलं. नीट ऐका: आपलं परराष्ट्र खातं अपोस्टिल करतं ते भारतात दिलेल्या कागदांना. त्याची सरकारी फी कागदामागे 50 रुपये. थायलंडच्या शाळेचं पत्र दिल्लीत अपोस्टिल होतच नाही, आणि मी तिथून निघाले तेव्हा थायलंड त्या करारात नव्हतंही. म्हणजे जे होणंच शक्य नाही त्याचे मी सात हजार मोजले. एजंटाला हे सांगितलं तर म्हणाला, "आमचं काम प्रोसेसिंगचं." सात हजार! अजून आठवलं की पोटात ढवळतं.

शिक्के थायलंडमध्येच मिळणार, म्हणून शेवटी तिकीट काढून परत बँकॉक. भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, एवढंच नशीब. कोरातला दोन रात्री राहिले, जुन्या सहकाऱ्यांनी जेवू घातलं, छान गेलं. पुढचे दिवस मात्र चेंगवत्तानाच्या रांगेत. तिथे थाई परराष्ट्र खात्याचा कॉन्सुलर विभाग आहे. आधी इंग्रजी भाषांतर, मग तिथला शिक्का, मग सुखुमवित सोई 23 मधल्या आपल्या दूतावासाचा शिक्का, हा क्रम. माझं भाषांतर खिडकीवरून परत आलं, कारण मुख्याध्यापिकेच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एका जागी वेगळं होतं. एका अक्षराचा फरक. बाहेर फोटोकॉपीच्या दुकानासमोर फुटपाथवर बसून मी रडले, हेही लिहून ठेवते. जायचंच असेल तर गुलाबी मेट्रोने जा, टॅक्सी घेऊ नका. त्या रस्त्यावर सकाळी टॅक्सी नुसती उभी असते.

हे सगळं राजीनामा देण्याआधी करता येतं. काम संपलं की त्यावरचा व्हिसाही संपतो आणि मग धावपळ सुरू होते. शाळेकडून पत्र इंग्रजीतच मागा, इसवी सन घालून, पासपोर्टवरच्या नावाप्रमाणे. तेव्हाच शिक्के मारून घ्या.

आणि एवढं करून ते पत्र पाहिलं कुणी? कुणीच नाही. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "बी.एड. कुठाय?" नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला एम.ए. आणि बी.एड.; सहावी ते आठवीला वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर तर नोकरीत असलेले, पन्नाशीला आलेले शिक्षकही टीईटीची गाइडं घेऊन बसलेत. तिथे आपल्या टेफलला कोण विचारतो? एका उपमुख्याध्यापकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "ऑनलाइन कोर्स का?" हो, ऑनलाइनच होता. बी.एड. दोन वर्षांचं, आधी सीईटी. परदेशी जाण्याआधी करून टाका, नाहीतर परतताना दोन वर्षांचा खर्च गाठीला ठेवा. मधला मार्ग मला सापडला नाही.

डेमो तासाबद्दल एकच: तीस मिनिटांचा द्या, फुकट द्या, पण एकच. एका शाळेने मला "डेमो" म्हणून दिवसभर रजेवरच्या बाईंचे पाच तास घ्यायला लावले आणि नंतर फोनही केला नाही.

जूनमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत करारावर लागले. वसतिगृहातल्या परदेशी मुलांना इंग्रजीचे जादा तास, राहणं-जेवण त्यांचं. पगाराचा आकडा कोरातचाच, फक्त बाटच्या जागी रुपये. मुलाखतीला स्वारगेटहून एसटीने गेले. बायकांना अर्धं तिकीट. पसरणीच्या घाटात मळमळतं, वाईला चहा घेऊ नका. सोबत बी.एड. सीईटीचं पुस्तक ठेवा, मुलाखतीच्या आधी दोन तास बाकावर बसवतात.